कृपेने तारण : आठ सेशनचा ऑनलाइन कोर्स पूर्ण केला, त्याबद्दल सविस्तर

परवा रात्री आठवं सेशन संपलं आणि आज लगेच लिहायला बसलेय, कारण चार दिवस गेले की डोक्यातलं अर्धं उडून जातं आणि मग "छान होता कोर्स, जरूर करा" एवढंच लिहून होतं, ज्याचा वाचणाऱ्याला काडीचाही उपयोग नसतो. कोर्सचं आणि चालवणाऱ्यांचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण खाली काही तक्रारीही आहेत. पण अशा विषयावरचा कुठलाही कोर्स घेताना काय बघावं, कुठे जास्त वेळ द्यावा, हे माझ्या अनुभवातून कुणाला कळलं तर बरं.

आधी मी का घेतला ते सांगते, नाहीतर बाकीचं नीट कळणार नाही.

मी ख्रिस्ती घरातच वाढले. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली आठवी आणि नववी ओवी मला लहानपणापासून पाठ. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, कर्मांनी मिळालेलं नाही, म्हणजे कुणी आढ्यता बाळगू नये. संडे स्कूलमध्ये हे मी एका दमात म्हणून दाखवायचे. आणि मग आई शेवटच्या आजारपणात होती तेव्हा एके रात्री तिने मला विचारलं, "मी पुरेसं केलं असेल ना गं?" मी तिचा हात धरून म्हणाले, आई असं काय बोलतेस, तू किती केलंस, इतकी वर्षं मंडळीत, चर्चच्या कामात राबलीस, कितीजणांच्या आजारपणात उशाशी बसलीस, एक दिवस प्रार्थना चुकवली नाहीस. यादीच वाचली मी तिच्यापुढे. तिने मान हलवली, पण चेहऱ्यावरचा ताण काही गेला नाही. तिला माझ्याकडून जे ऐकायचं होतं ते त्या यादीत नव्हतं, आणि ओवी पाठ असूनही मला त्या वेळी ती आठवली नाही. ही गोष्ट नंतर कितीतरी वर्षं मनात सलत राहिली. कोर्स घेतला तो यासाठी.

आता कोर्सबद्दल. आठ रेकॉर्ड केलेली सेशन्स, प्रत्येक साधारण सव्वा तासाचं, सोबत नोट्सची पीडीएफ, आणि दर आठवड्याला एक लाइव्ह मीटिंग ज्यात प्रश्न विचारता येतात. शिकवणाऱ्या ताई शांत बोलतात, पल्लेदार प्रवचन करत नाहीत, बायबल उघडायला लावतात आणि ओवी तुम्हालाच वाचायला सांगतात. मला ही पद्धत फार आवडली. पहिल्या सेशनलाच त्या म्हणाल्या की मी काय सांगते त्यापेक्षा पानावर काय आहे ते बघा, आणि शेवटपर्यंत त्यांनी ते पाळलं.

पहिलं सेशन शब्दांवर आहे. मराठीत 'तारण' म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे दोन गोष्टी येतात, एक बुडणाऱ्याला तारणं, आणि दुसरं कर्जासाठी बँकेत तारण ठेवणं. ताईंनी पहिलाच अर्थ घेतला आणि पुढे गेल्या, पण मला दुसरा अर्थ दिवसभर सोडेना. कर्ज घेताना आपण आपलं काहीतरी ठेवतो, घर, दागिना, म्हणजे समोरच्याला आपल्या शब्दावर भरवसा ठेवावा लागू नये. आणि माझ्या मनात देवाशी असलेलं नातं असंच होतं, माझी चांगली वागणूक मी तारण म्हणून ठेवलीये आणि ती कमी पडली तर सगळं जप्त होईल. कृपेचा निरोप याच्या बरोबर उलटा आहे, माझ्याकडे ठेवण्यासारखं काही नव्हतं आणि ठेवलं त्यानेच. हे कोर्समध्ये नव्हतं, पण त्या सेशनशिवाय हा विचार मला सुचला नसता.

याच सेशनमध्ये नव्या करारातला ग्रीक शब्द 'खारिस' येतो, म्हणजे न कमावलेली मेहेरबानी, आणि जुन्या करारातला हिब्रू 'हेन', तोच जो नोहाच्या गोष्टीत येतो. आणि मग त्यांनी एक साधी गोष्ट दाखवली जी मी शंभर वेळा वाचून माझ्या लक्षात आली नव्हती. निर्गमच्या विसाव्या अध्यायात दहा आज्ञा सुरू होतात त्याच्या आधीची ओवी बघा. मी तुला मिसर देशातून, दास्यातून बाहेर काढलं, हे आधी येतं. वल्हांडण, म्हणजे मिसरमधून सुटकेची ती रात्र, बाराव्या अध्यायात, समुद्र ओलांडणं चौदाव्यात, आणि आज्ञा विसाव्यात. सुटका आधी, नियमशास्त्र नंतर. आज्ञा पाळा म्हणजे सोडवीन असं देव कुठेच म्हणाला नाही. म्हणजे "जुना करार कर्माचा आणि नवा कृपेचा" असं जे सर्रास बोललं जातं ते किती उथळ आहे बघा. या एका मुद्द्यासाठी मी पहिल्या सेशनला पूर्ण मार्क देते.

दुसरं सेशन पापावर. ठीक आहे, नवीन फार काही नाही, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय आणि इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्याची सुरुवात, सगळ्यांनी पाप केलं आहे, आपण अपराधांमुळे मेलेले होतो वगैरे. एवढं मात्र त्यांनी नीट सांगितलं की पौल आजारी म्हणत नाही, मेलेले म्हणतो. आजारी माणूस निदान औषध मागतो.

तिसरं सेशन म्हणजे या कोर्सचा जीव. मजुरी आणि दान. त्यांनी एक कोरा कागद घ्यायला लावला, मधोमध रेघ मारायची, डावीकडे लिहायचं मी देवासाठी काय काय केलं आणि उजवीकडे त्याचं मला काय मिळायला हवं असं मनातून वाटतं. खरं लिहा म्हणाल्या, कुणी बघणार नाहीये. मी लिहिलं आणि लिहिता लिहिता हात थांबला. उजव्या बाजूला मी लिहिलं होतं "आई बरी व्हायला हवी होती." म्हणजे इतकी वर्षं मी मजुरीचाच हिशोब धरून बसले होते आणि देवाने माझी मजुरी बुडवली म्हणून आतून रागावले होते, हे मला त्या कागदावर पहिल्यांदा दिसलं. मग त्यांनी रोमकरांस चारमधल्या चौथ्या-पाचव्या ओव्या वाचायला सांगितल्या. काम करणाऱ्याला मिळतं ते मेहेरबानी नसते, ते त्याचं येणंच असतं, पण जो काम करत नाही, भक्तिहीनाला नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवतो, त्याचा विश्वास नीतिमत्त्व असा मोजला जातो. भक्तिहीनाला! सुधारलेल्याला नाही, सुधारायच्या वाटेवर असलेल्यालाही नाही. हा शब्द पौलाने किती जाणूनबुजून घातलाय ते मला त्या दिवशी कळलं.

याच्याच पाठोपाठ मत्तय वीसमधली द्राक्षमळ्याची गोष्ट घेतली. सकाळपासून राबलेले आणि अकराव्या तासाला आलेले, सगळ्यांना एकच दिनार, आणि दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. राबलेले कुरकुर करतात. ताईंनी इथे विचारलं की ही गोष्ट ऐकताना तुम्ही स्वतःला कोणत्या रांगेत उभं करता? मी आजवर कायम सकाळच्या रांगेत उभी होते. ज्याला ही गोष्ट अन्यायाची वाटते तो स्वतःला सकाळचा समजतो, आणि ज्याच्या डोळ्यात पाणी येतं त्याला कळलेलं असतं की आपण संध्याकाळी पाचला आलोय.

चौथं सेशन वधस्तंभावर. कृपा म्हणजे देवाने डोळेझाक केली असं नाही, हा मुद्दा. रोमकरांस तीनच्या पंचविसाव्या-सव्विसाव्या ओवीवर त्यांनी जवळजवळ अर्धा तास घालवला, देव स्वतः नीतिमान राहून पाप्याला नीतिमान कसा ठरवू शकतो. कृपा आपल्याला मोफत आहे, पण ती देणाऱ्याला केवढ्याला पडली हे न बघता नुसतं "मोफत मोफत" म्हणत राहिलं की तिची किंमतच राहत नाही, आणि हे वाक्य मी स्वतः वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

या सेशननंतरची लाइव्ह मीटिंग मी विसरणार नाही. एका वयस्कर काकूंनी माइक चालू केला आणि विचारलं, मग मी पन्नास वर्षं जे केलं ते सगळं वाया गेलं का? आवाज थरथरत होता. माझ्या अंगावर काटा आला, कारण हा माझ्या आईचाच प्रश्न होता, फक्त दुसऱ्या बाजूने आलेला. ताई पटकन काही बोलल्या नाहीत, काही सेकंद तशाच गेल्या. मग त्यांनी लूक पंधरा उघडायला सांगितलं.

उधळ्या पुत्राची गोष्ट, बापाकडून वाटणी घेऊन परदेशी सगळं उडवणाऱ्या धाकट्या मुलाची, सगळ्यांना माहीत असते, पण बारकावे बघा. तो परक्या देशात डुकरं चारताना बापाला काय सांगायचं ते घोकतो, की मी आता तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला तुमच्या एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. हे एकोणिसाव्या ओवीत आहे. आता एकविसावी ओवी वाचा, तिथे तो बापासमोर तेच बोलायला लागतो, लायक नाही इथपर्यंत येतो, आणि मोलकऱ्याचं वाक्य येतच नाही, बाप आधीच चाकरांना झगा आणा, अंगठी आणा म्हणून सांगायला लागतो. मुलगा मजुरी मागायला आला होता आणि बापाने ते वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडूच दिलं नाही. आणि थोरला? तो अंगणात उभा राहून काय म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय आणि मला कधी एक करडूसुद्धा दिलं नाही. दोघेही भाऊ मजुरीच्याच भाषेत बोलतायत, एक कमावलं नाही म्हणून, दुसरा कमावलंय म्हणून. बाप थोरल्यालाही बाहेर येऊन समजावतो, बाळा, तू तर कायम माझ्याजवळच आहेस, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे.

ताई काकूंना एवढंच म्हणाल्या, की वाया काही गेलं नाही काकू, तुम्ही पन्नास वर्षं बापाच्या घरात होतात, फक्त तो मोजत नव्हता, तुम्ही मोजत होतात. काकूंनी माइक बंद केला. स्क्रीनवर त्या डोळे पुसताना दिसत होत्या. मी कॅमेरा बंद करून खूप रडले.

पाचवं सेशन विश्वासावर, आणि इथे ताईंची तयारी दिसते. मग विश्वास हेच माझं कर्म झालं का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. त्यांनी इफिस दोन-आठमधला "हे" शब्द घेतला, हे देवाचं दान आहे, यातला "हे" म्हणजे नेमकं काय? ग्रीकमध्ये कृपा आणि विश्वास हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत आणि "हे" नपुंसकलिंगी, म्हणून तो शब्द एकट्या कृपेला किंवा एकट्या विश्वासाला न लागता सगळ्या गोष्टीला मिळून लागतो, कृपेने विश्वासाच्या द्वारे तारण होणं हे अख्खंच दान. गंमत म्हणजे मराठीतही ती कृपा, तो विश्वास, आणि हे दान असंच येतं, त्यामुळे आपल्याला हे समजायला सोपं जातं. आणि क्रियापदही, "तारण झालेलं आहे", म्हणजे घडून गेलेलं आणि त्याचा परिणाम आजही कायम असलेलं. होईल, बहुतेक होईल, नीट वागलीस तर होईल असं नाही. विश्वास म्हणजे रिकामा हात पुढे करणं, हात पुढे केल्याबद्दल कुणी बक्षीस मागत नाही.

माणूस हा हात स्वतःहून पुढे करू शकतो की तोही देवच पुढे करवतो, यावर मंडळ्यांमध्ये जुने मतभेद आहेत. डॉर्टची धर्मसभा १६१८-१९ मध्ये याच वादावर भरली होती, आणि पुढे मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या वेस्लीने वेगळी मांडणी केली, की देवाची कृपा आधीच प्रत्येकापर्यंत पोचून त्याला उत्तर देण्याची ताकद देते. ताईंनी दोन्ही बाजू सरळपणे सांगितल्या आणि स्वतःचं मत विचारल्यावरच दिलं. हा मोठेपणा आहे.

आता तक्रारी. सहाव्या सेशनवर मी खरंच नाराज आहे. विषय कर्मं, म्हणजे याकोबाचं पत्र, आणि तिथे हा कोर्स अक्षरशः पळतो. याकोब दोन-चोवीसमध्ये स्पष्ट लिहिलंय की माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर कर्मांनी नीतिमान ठरतो, आणि पौल रोमकरांस तीन-अठ्ठावीसमध्ये बरोबर उलट बोलल्यासारखा वाटतो. प्रामाणिक वाचक इथे अडखळणारच. आणि त्यांनी वीस मिनिटांत "खरा विश्वास कर्मं दाखवतो" म्हणून विषय मिटवला. उत्तर चुकीचं नाही पण ते कमवायला हवं होतं ना. मी मग स्वतः दोन रात्री बसले. दोघेही अब्राहामाचंच उदाहरण देतात, दोघेही उत्पत्ती पंधरा-सहाच उद्धृत करतात, पण पौल भर देतो तो यावर की ही गोष्ट सुंतेच्या आधीची आहे, सुंता सतराव्या अध्यायात येते, म्हणजे अब्राहामाने काही करण्याआधीच तो नीतिमान मोजला गेला. याकोब बघतो बाविसाव्या अध्यायाकडे, अब्राहामाने आपला मुलगा इसहाक याला वेदीवर ठेवलं तिथे, कितीतरी वर्षांनंतर. एकाचा प्रश्न आहे की दार कशाने उघडतं, आणि दुसऱ्याचा की मी आत आहे म्हणतोस तर तुझं वागणं काय सांगतं. याकोबासमोर तो माणूस आहे जो उघड्या-उपाशी भावाला "जा, ऊब घे, पोटभर खा" म्हणतो आणि देत काहीच नाही. भुतंसुद्धा विश्वास ठेवतात आणि थरथर कापतात असं तो त्यालाच सुनावतो. आणि पौलही इफिस दोनच्या नवव्या ओवीवर थांबत नाही, दहावीत लगेच सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले म्हणतो. आपण पाठ करताना नवव्याला थांबतो, हीच चूक. एवढं सगळं त्या सेशनमध्ये यायला हवं होतं.

सातवं सेशन इतिहासावर, आणि यात मला एकांगीपणा वाटला. माणूस कृपेशिवाय स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो का यावरचा ऑगस्टिन आणि पेलागियसचा वाद, ४१८ ची कार्थेजची सभा, ५२९ ची ऑरेंजची, मग १५१७ मध्ये प्रॉटेस्टंट सुधारणा सुरू करणारा विटेनबर्गचा ल्यूथर, इथपर्यंत उत्तम. पण कॅथलिक बाजू सांगताना "ते कर्माने तारण मानतात" असं एका वाक्यात गुंडाळलं, आणि हे बरोबर नाही. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या सभेने १५४७ मध्ये नीतिमान ठरण्यावर जो निर्णय दिला त्याच्या पहिल्याच नियमात, ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या देवाच्या कृपेशिवाय माणूस स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरू शकतो असं म्हणणाऱ्याला धिक्कारलंय. फरक आहेत आणि ते खरे आहेत, नीतिमान ठरवणं म्हणजे जाहीर करणं की आतून बदलणंही, पुण्याला जागा आहे की नाही, हे सगळं. पण फरक नीट सांगा. आणि १९९९ मध्ये ऑग्सबर्गला ३१ ऑक्टोबरला लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक मंडळीने जी संयुक्त घोषणा सही केली, ज्यात आपला स्वीकार केवळ कृपेने होतो, आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नाही, असं दोघांनी मिळून म्हटलं, आणि नंतर २००६ मध्ये मेथडिस्टांनीही ती मान्य केली, तिचा एका शब्दाने उल्लेख नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या तर या कोर्सच्या नकाशावरच नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका कॅथलिक मैत्रिणीला मी हा कोर्स सांगणार होते, सातव्या सेशनमुळे थांबले.

तांत्रिक बाजू थोडक्यात. अॅपमध्ये रेकॉर्डिंग डाउनलोड होत नाही, नेट गेलं की पहिल्यापासून सुरू. नोट्सचा फॉन्ट बारीक, आणि एका ठिकाणी तीताच्या पत्रातली तीन-पाच ही ओवी तीमथ्याच्या नावावर छापलीये. मी मेल केला, तीन आठवडे झाले, उत्तर नाही. एवढ्या मायेने शिकवणाऱ्या कोर्सच्या मागचं ऑफिस इतकं कोरडं असावं याचं वाईट वाटलं.

आठवं सेशन पुन्हा चांगलं. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, या रोमकरांस सहाच्या प्रश्नावर त्या म्हणाल्या की हा प्रश्न तुम्हाला कुणी कधीच विचारला नसेल तर बहुधा तुम्ही कृपा सांगतच नाही आहात, काहीतरी दुसरंच सांगताय. मग तीत दोन, अकरा-बारा, कृपा आपल्याला शिकवते, अभक्तीला नाही म्हणायला शिकवते. धाक दाखवून नव्हे, हाताला धरून. आणि शेवटी लूक तेवीस, वधस्तंभावरचा तो गुन्हेगार, ज्याच्याकडे ना बाप्तिस्मा, ना एक दिवसाची सेवा, हातही खिळलेले, करण्यासारखं काहीच उरलेलं नाही, फक्त माझी आठवण करा एवढं मागणं, आणि त्याला "आजच" असं उत्तर मिळतं. ती ओवी वाचून झाली आणि मला आईची ती खोली दिसली. तेव्हा मी यादी वाचण्याऐवजी ही ओवी वाचायला हवी होती.

पाचपैकी चार देईन. तिसरं आणि चौथं सेशन कुणीही चुकवू नये, सहाव्याला सोबत याकोबाचं पत्र स्वतः दोनदा वाचून बसा, सातवं ऐका पण त्यावर विसंबू नका. लाइव्ह मीटिंगला बसता येत असेल तरच घ्या, नुसत्या रेकॉर्डिंगमध्ये निम्मा कोर्स हातातून जातो.

पुढची बॅच सुरू झाली की मी मावशीला घेऊन पुन्हा बसणार आहे. ती आईची धाकटी बहीण, तिला आता स्क्रीनवरची अक्षरं दिसत नाहीत, त्यामुळे ओव्या मीच वाचून दाखवणार. कोऱ्या कागदावर मधोमध रेघही मीच मारीन, आणि ती सांगेल ते लिहीन.